सामाईक आढं

घर जुनं असणं ही केवळ वस्तुस्थिती आहे. घर जुनं दिसणं हे कर्तृत्व आहे. पहिल्यासाठी नुसतं गरीब असून भागतं, दुसऱ्यासाठी वास्तुविशारद लागतो.

१.

(हा विभाग नूतनीकरणासाठी पाडला आहे. वाचकांनी दुसऱ्या विभागातून आत यावं. चपला बाहेर.)

२. मूळ रचना

कोळवणात रस्त्याच्या वरच्या अंगाला कैलासचं घर आहे. खरं तर अर्धं घर. वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा मधोमध भिंत घालून सगळं वाटून झालं: अंगण, गोठा, हंडे, बाहेरचा आंबा (डावीकडच्या फांद्या डावीकडे). वाटलं नाही ते एकच, आढं. छपराच्या शेंड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं गेलेलं अखंड सागाचं लाकूड. ते सामाईक ठेवायचं, दोघांच्या संमतीशिवाय त्याला करवत लावायची नाही, ही घराण्याची रीत. आढ्याला लाल फडक्यात नारळ बांधलेला असतो आणि त्या नारळाला हात लावून दिलेला शब्द फिरवत नाहीत. (कोर्टात दिलेला फिरवतात. ती वेगळी सोय आहे.)

उजवा भाग कैलासचा, डावा चुलतभाऊ नथूचा. कैलासला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: डोक्यावर स्लॅब. स्वतःसाठी नव्हे, मुलासाठी. ओम पिरंगुटच्या कंपनीत कायम झालेला, सुपारीचंही व्यसन नाही. पण मुलीकडचे दारात येत, मान वर करून कौलं बघत आणि चहा अर्धा ठेवून निघत. खोऱ्यातल्या अनधिकृत पाहणीनुसार दहातले नऊ मुलींचे बाप आधी छप्पर बघतात आणि मग मुलगा. दहावा मुलगा बघतच नाही.

आढं मधोमध कापल्याशिवाय कैलासला आपल्या अर्ध्यावर स्लॅब घालता येत नव्हता. नथूनं कधी नाही म्हटलं नाही. "काप की. माजी ना हाय का?" असं तो दर दिवाळीला म्हणायचा, पण नारळाला हात लावून कधी म्हणाला नाही. एका दिवाळीला त्यानं आपलं अर्धं घर आढ्यासकट विकलं आणि पौडला लिफ्टच्या इमारतीत राहायला गेला.

३. शाश्वततेचे निकष

घेणारे जनार्दन आणि रजनी हे बाणेरचं दांपत्य होतं. पृथ्वीवर आपला कमीत कमी भार पडावा अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी ते दर शनिवारी दोन गाड्यांतून येत (कुत्र्याला मागच्या सीटवर बसवत नसे). जुनं घर न पाडता त्यातूनच आरामशीर आणि पर्यावरणाला जपणारं घर घडवायचं, हे त्यांनी ठरवलं. काम कल्पना नावाच्या वास्तुविशारद बाईंकडे दिलं. बाईंची धोरणं स्पष्ट होती.

मातीच्या भिंती श्वास घेतात. त्यांना घेऊ द्यावा. आतल्या माणसांसाठी एसी बसवावा.

शेणानं सारवलेली जमीन ही आपली परंपरा आहे, म्हणून ती उखडून तिथे सारवल्यासारखं दिसणारं सिमेंट घालावं.

दगड स्थानिकच हवा. खोऱ्यातला दगड आणून पाहिला, पण तो पुरेसा स्थानिक दिसेना. मग राजस्थानातून मागवला.

चूल बंद. धूर घातक. कैलासकडचीही बंद, कारण धूर वाटणी मानत नाही. रजनीबाईंनी कैलासच्या बायकोला, शुभांगीला, विजेची शेगडी भेट दिली. कोळवणात वीज असते तेव्हा ती उत्तम चालते. नसते तेव्हा तिच्यावर डबे ठेवता येतात.

कैलास हे सगळं भिंतीच्या अलीकडून पाहत होता आणि खूश होता. एवढा खर्च करणारा माणूस एका लाकडासाठी अडून बसणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

४. वास्तुशांत

वास्तुशांतीला कैलासला पहिल्या पंगतीत बसवलं, फेटा बांधला. जनार्दनने पाहुण्यांना त्याची ओळख "या वास्तूचे खरे वारसदार" अशी करून दिली. कैलासला याआधी वारसदार फक्त तलाठ्यानं म्हटलं होतं, तेही नाव चुकवून. त्याचा ऊर भरून आला. आढ्याचा नारळ बदलायचा होता, तो मान घराण्यातल्या माणसाचा. कैलास शिडीवर चढला. खाली रजनीबाईंनी मोबाइल धरला.

"कैलासराव, काहीतरी बोला ना. अगदी मनापासून."

वर नारळ हातात, खाली वळलेल्या माना, डोक्याला फेटा. अशा वेळी माणसाच्या तोंडून शहाणपणाचं काही निघत नाही.

"ह्ये घर जसं हाय, तसंच ऱ्हाईल," कैलास म्हणाला. "माजा शबूद."

'ह्ये घर' म्हणजे साहेबांचं अर्धं, असं त्याच्या मनात होतं. पण आढ्याला अर्धं असं काही नसतं. टाळ्या पडल्या. शुभांगीनं जिलेबीचं ताट खाली ठेवलं.

"झालं," ती शेजारणीला म्हणाली. "घातला आमच्या मालकांनी सलाब."

५. ज्या पाहुण्यांचा चहा पूर्ण झाला

रिहे गावचे कोंडाजी मुलीसाठी घर बघायला आले. त्यांनी चहा संपवला, त्यामुळे आशा वाढली. मग ते अंगणात उभे राहून डावीकडची सफाईदार माती बराच वेळ न्याहाळत राहिले.

"ह्ये कुनाचं?"

"पुण्याच्या सायबांचं," कैलास म्हणाला.

"त्येंच्या पोराला बायकू मिळंल. त्येंची माती हौसंची हाय." कोंडाजींनी टोपी झटकली. "तुमचा ओम गुणाचा हाय, पाव्हणं. पर मातीच्या घरातनं काडून मातीच्याच घरात पोर घालायला मी येडा न्हाई. डोक्यावर सलाब आला की निरोप धाडा. थांबतो थोडं."

आता स्लॅबच्या एका बाजूला सून होती आणि दुसऱ्या बाजूला नारळ.

६. तांत्रिक छेद

पावसाळ्याच्या तोंडावर कल्पनाबाईंच्या लक्षात आलं, की घरात सगळं आहे, फक्त उजेड नाही. छपराला मधोमध काच बसवावी. मधोमध आढं होतं. कैलास भातखाचरात पेरणीला गेला असताना यंत्र आलं आणि आढं मधल्या भिंतीवर कापलं गेलं. कापलं असं कुणी म्हटलं नाही, कागदावर 'तांत्रिक छेद' लिहिलं. संमती रीतसर घेतली होती. मुंबईच्या सल्लागाराची.

कैलासच्या बाजूचं छप्पर वीतभर खाली बसलं. कौलं घसरली, एक शेगडीवर पडलं (वीज नव्हती, त्यामुळे हानी टळली). शुभांगीनं शेजाऱ्यांना हाका मारून चार बांबूंचा टेकू दिला आणि नवऱ्याला शेतातून बोलावून घेतलं.

कैलास भांडणार असं सगळ्यांना वाटलं. काम उरकून साहेब महिन्याभरानं राहायला आले, तेव्हा त्यानं हातपाय धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि जवळजवळ हसतच पलीकडे गेला. आढं तुटलं, म्हणजे शब्द तुटला. इतका साधा हिशेब त्याला वर्षभर सुचला नव्हता.

"सायेब, आढं गेलं," तो म्हणाला. "मी मोकळा झालो. आता सलाब घालतो. तुमी ना म्हणू नका."

जनार्दनने त्याला आत नेलं, जेवणाच्या टेबलाशी बसवलं. टेबल लांबलचक होतं, तेल पाजलेलं, सागाचं.

"हात फिरवून बघा, कैलासराव."

कैलासने फिरवला. बोटांना खाच लागली. लहानपणी त्यानं झोक्याची दोरी बांधायला हट्टानं पाडून घेतलेली खाच. टेबलाच्या मधोमध काचेच्या वाडग्यात लाल फडक्यातला नारळ होता.

"आम्ही काहीच टाकून देत नाही," जनार्दन मायेनं म्हणाला. "आढं घरातच आहे. नारळही घरातच आहे. म्हणजे तुमचा शब्दसुद्धा घरातच आहे, नाही का? आणि स्लॅब घातलात तर दुपारची सावली आमच्या काचेवर येईल. तुम्हालाच वाईट वाटेल."

कैलासने या बोलण्यात खोट शोधली. नारळ शाबूत होता. खोट सापडली नाही. सरळ माणसाला फसवायला फारसं खोटं बोलावं लागत नाही, त्याचंच खरं त्याच्यापुढे नीट मांडून ठेवलं की पुरतं.

७. (या विभागात राग होता. मांडणीत बसेना म्हणून कमी केला.)

८. बायकोचं मत

"अवो, नारळ फोडा आन् खोबरं खाऊन टाका," शुभांगी म्हणाली. "शबूद काय वाडग्यात ऱ्हातुया?"

पुढच्या रविवारी, पलीकडे पाहुण्यांची वर्दळ असताना, कैलास खरंच गेला. वाडग्यातला नारळ उचलला, कानाशी हलवला. आत सुकं खोबरं खडखडलं. त्यानं दगडासाठी दाराबाहेर नजर टाकली.

"दादा, असेच थांबा," एक पाहुणी म्हणाली. "नारळ जरा वर धरा. हां, आता इकडे बघा."

कैलासने वर धरला. तिकडे बघितलं. नारळ परत ठेवला.

९. सद्यस्थिती

ओमनं पिरंगुटला तिसऱ्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर घेतलं आणि कोंडाजींची मुलगी केली. डोक्यावर स्लॅब आहे, त्यावर आणखी चार. सासरे समाधानी आहेत. आईबापांना झोपायला जागा नाही, त्यामुळे ते कोळवणातच असतात.

डावा भाग आता भाड्यानं मिळतो. उजवा, बांबूंच्या टेकूसकट, 'मूळ अवस्थेतला भाग' म्हणून पाहुण्यांना दाखवतात. तो दुरुस्त करू नये अशी विनंती आहे. चूल पुन्हा पेटली आहे. धूर तोच, पण आता त्याला अनुभव म्हणतात. शुभांगी भाकऱ्या थापते. कैलास फेटा बांधून ओट्यावर बसतो आणि कुणी विचारलंच तर घर कधीचं ते सांगतो. घर कुणाचं, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

वाचकहो, इथवर येता येता आपल्याला जनार्दनचा राग आला असेल. त्याची नोंद घेतली आहे. असा राग येणारी संवेदनशील माणसंच तिथे दर शनिवारी येतात. त्या टेबलावर कोपर टेकून शहरातल्या लोकांनी गावाचं काय करून ठेवलं यावर तळमळीनं बोलतात आणि शुभांगीबाईंकडे तिसरी भाकरी मागतात. आपल्या मनातला प्रश्नही आम्हाला ठाऊक आहे. विचारायला लाजू नका.

हो. गाडी अगदी दारापर्यंत येते.