प्रवासी क्रमांक आठ, अद्याप अजात

आमच्या जिल्ह्यात गेल्या वसंतापासून एक नियम लागू झाला. ज्याला आपल्या मागच्या सात बापांची नावं पुराव्यासह देता येणार नाहीत, तो सरकारी कामापुरता अद्याप जन्मलेला नाही असे समजण्यात येईल. नियम नवा, पण रीत जुनीच. किरगिझ माणसाला सात बाप पाठ नसतील तर त्याने चारचौघांत मान खाली घालून बसावं, असं आमचे म्हातारे सांगत आले. म्हाताऱ्यांचं लाजेवर भागत होतं, खात्याने तिला शिक्का जोडला एवढंच.

पहिल्याच मोजणीत चार हजार एकशे बारा लोक जन्मलेले नसल्याचं उघडकीला आलं. त्यांत दोन शाळामास्तर होते आणि निम्म्या जिल्ह्याची बाळंतपणं केलेली एक दाई होती. लोकांनी घाबरून जाऊ नये म्हणून खात्याने लगेच खुलासा काढला: जन्म न झालेल्यांनी मेंढ्या राखणे, चहा पिणे इत्यादी नेहमीप्रमाणे चालू ठेवावे आणि विजेचे बिल मुदतीत भरावे.

आता मेलेल्या बापांचा पुरावा आणायचा कुठून? त्यासाठी पूर्वज पडताळणी आयोग नेमला गेला. त्याचा सचिव मी, केनेश. वय एकसष्ट, अक्षर सुवाच्य. राजधानीतल्या कुठल्याशा संस्थेने काळात मागे जाणारं यंत्र पाठवलं, पण ते बसवायला गाडी जिल्ह्याची हवी होती, आणि जिल्ह्याजवळ होती ती तुर्दाकुनची मिनीबस. तुर्दाकुन बावीस वर्षं बाजार ते स्टँड अशा फेऱ्या मारत आलेला. त्याची अट एकच होती: आठ सीटं भरल्याशिवाय गाडी हलणार नाही. यंत्र सरकारी असलं तरी गाडी माझी आहे, असं त्याने लेखी दिलं होतं.

आयोगात अध्यक्ष दूलतबेक, पाच सदस्य आणि मी असे सात जण होतो. आठवी जागा अध्यक्षांच्या मेहुण्याची. मेहुणा एका लग्नाला गेला होता आणि लग्न काही संपत नव्हतं. चार दिवस आम्ही गाडीत बसून भूतकाळाची वाट पाहिली. पाचव्या दिवशी सकाळी तुर्दाकुनने आरशात बघून डोकी मोजली, मागच्या सीटवर मेंढीच्या कातड्याच्या कोटाखाली कोणीतरी झोपलेलं त्याला दिसलं, आणि आठ झाले म्हणून त्याने गाडी सोडली. मेहुणा येऊन झोपला, असंच आम्ही समजलो.

पहिला थांबा १९७४ साली झाला, कारण तुर्दाकुन चहाशिवाय अर्धशतकापेक्षा जास्त सलग चालवत नाही. सामूहिक शेतीच्या उपाहारगृहासमोर आम्ही उतरलो. रस्त्यापलीकडे नाक पुसत उभं असलेलं एक शेंबडं पोर अध्यक्षांनी ओळखलं आणि तोंड फिरवलं. ते स्वतःच होते. चहा घेऊन गाडीशी आलो, तर सदस्यांच्या बोरसोकच्या, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, पिशवीत कोटाखालून एक हात शिरताना दिसला. मेहुण्याच्या हाताला अंगठ्या आहेत. या हाताला शेण लागलं होतं.

कोट उचलला तर आत सतराएक वर्षांची पोर.

"कोण गं तू?" अध्यक्ष म्हणाले.

"बुरुल. वरच्या वाडीची, मेंढपाळ एसेनची मुलगी." तोंडातला बोरसोक तिने सावकाश गिळला. "बाइके," थोरल्या भावाला म्हणतात तसं ती म्हणाली, "मीठ कमी आहे यात."

बुरुल हे नाव आमच्याकडे मुलीला ठेवतात ते पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. असल्या नावाची मुलगी घरात फार लाडाकोडात वाढत नाही आणि म्हणून कोणाला भीत नाही.

तिची हकीकत अशी. राजधानीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तिला जागा मिळाली होती आणि एक सप्टेंबरच्या आत जन्म सिद्ध करायचा होता. सात बापांपैकी सहावा-सातवा वाडीतल्या जुन्या गाण्यात होते, पण पाचव्याचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या बापाने अर्ज केला. उत्तर माझ्याच अक्षरात गेलं होतं, तिने ते खिशातून काढून मलाच वाचायला दिलं: ‘आपली मुलगी जन्मलेली नसल्याने तिच्याविषयीचा अर्ज मुदतपूर्व आहे. जन्मानंतर पुन्हा अर्ज करावा.’

"अक्षर छान आहे," ती म्हणाली.

"इथेच उतर," अध्यक्ष म्हणाले. "यादीत तुझं नाव नाही."

"आणि घरी कशी जाऊ?"

"त्यात काय अवघड आहे? इथे पन्नास वर्षं थांब. आपोआप पोचशील."

सदस्यांनी माना डोलावल्या. तोडगा बिनखर्चाचा होता. पण तुर्दाकुन स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. "पोर उतरली तर सात होतात. सातावर मी हलत नाही. आठवा आणा."

१९७४ सालात परवान्याशिवाय शेजारच्या गावालाही कोणी जात नसे, आठवा कुठला मिळायला? शेवटी अध्यक्षांनी चष्मा लावून तिला धोक्यांचं परिशिष्ट वाचून दाखवलं. प्रवाशाचा पूर्वज प्रवाशाच्याच चुकीने दगावू शकतो. प्रवासी परतीच्या वाटेवर भलत्याच सालात राहू शकतो. प्रवासी मुळात जन्मालाच न येण्याची शक्यता आहे, आणि तसे झाल्यास त्याने सात दिवसांत लेखी कळवावे.

"हा शेवटचा धोका नीट ऐकलास ना?" अध्यक्षांनी विचारलं. "तू नाहीशी होशील."

"मी जन्मलेच नाही, असं तुमच्या शिक्क्याचं पत्र आहे माझ्याकडे. अजून काय नाहीशी होणार?" पण भीती तिलाही होती. "मागे गेले नाही तर घरी बसून मरेपर्यंत अजन्मी राहायचं. त्यापेक्षा येते मी." आणि ती खिडकीशी सरकून बसली.

मी यादीत लिहिलं: प्रवासी क्रमांक आठ, अद्याप अजात.

१८८५च्या उन्हाळ्यात आम्ही डोंगरावरच्या कुरणात उतरलो. आयोगाची सगळी प्रकरणं त्याच खोऱ्यातली होती, म्हणून दोन दिवसांत काम उरकायचं ठरलं. सुरुवात अध्यक्षांच्या पणजोबांपासून झाली, मानाने. चोयबेक बातिर, म्हणजे वीर चोयबेक! एकट्याने खिंडीत फौज अडवली म्हणून त्यांच्या घराण्यात दर लग्नात ज्याच्या नावाने भाषण होतं, तो. चोयबेक आम्हाला एका ओढ्यात लपलेला सापडला. विशीचा, लग्न न झालेला, पायात दुसऱ्याचे बूट, आणि दोन खोऱ्यांतली माणसं आपापल्या घोड्यांसाठी त्याला शोधत होती. अध्यक्ष बराच वेळ त्या बुटांकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला सांगितलं, "लिही: अश्वसंपादनात अतुल पराक्रम."

बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने हेच झालं. एका सदस्याचे ‘सीमाविजेते’ पूर्वज घरजावई निघाले. आमच्याकडे घरजावयाला कुत्रंही उठून वाट देत नाही. ‘सासरच्या प्रदेशावर कायमचा ताबा,’ असं मी लिहिलं. या कामात मला चांगली गती आहे.

शेवटी बुरुलचं प्रकरण आलं. कुरणाच्या टोकाला ठिगळं लावलेला एक तंबू होता. बाहेर एकवीस-बावीस वर्षांची बाई पाठीला तान्हं बांधून घोडी पिळत होती. तिचं नाव अरूके. मागच्या हिवाळ्यात साथीने तिचा नवरा, सासरा, दीर, सगळे गेले होते. बर्फ वितळायच्या आत पोराला पाठीशी बांधून आणि अकरा मेंढ्या हाकत ती एकटीने खिंड उतरली होती. पाठीवरचं पोर बुरुलचा चौथा बाप. त्याचा बाप म्हणजेच आम्हाला हवा असलेला पाचवा.

"बाई, तुझ्या नवऱ्याचं नाव सांग," अध्यक्ष म्हणाले.

अरूकेने पदरासारखा रुमाल तोंडावर ओढला. "त्यांचं नाव मी कसं घेऊ?"

मग आमच्या लक्षात आलं. सुनेने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं घ्यायचं नाही, त्यांच्या नावासारखा एखादा शब्द असला तर तोही उच्चारायचा नाही, ही आमचीच रीत. ते नाव घेऊ शकणारे सगळे मेले होते. ज्या एकटीला ते ठाऊक होतं तिला ते उच्चारायची बंदी होती. पाचवा बाप कुठे हरवला नव्हता, मर्यादेत अडकला होता.

"सरकारी काम आहे," अध्यक्ष म्हणाले.

"असेल. माझ्या पोराने उद्या विचारलं तरी सांगणार नाही. लोक त्याला अरूकेचा पोरगा म्हणतात, त्याचं चाललंय त्यात."

बुरुल पुढे आली. समोरची बाई तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिला काय म्हणावं ते न कळून तिने ‘एजे’ म्हटलं, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. "एजे, मी तुमचीच आहे. याच्या पोराच्या पोराच्या पोराची पोर."

अरूकेला ते पटकन पटलं. बायकांना असलं पटतं, पुरावा लागत नाही. "नाव काय तुझं?"

"बुरुल."

"अगं बाई. मग, झाला का पुढचा मुलगा?"

"नाही. चार बहिणी आहेत पाठच्या."

दोघी एवढ्या हसल्या की पाठीवरचं पोर जागं झालं. मग बुरुलने ते पोर उचलून घेतलं आणि ती एकाएकी रडायला लागली. मला त्यात लिहून घेण्यासारखं काही दिसलं नाही, पण पेन मात्र माझ्या हातात तसंच राहिलं.

अध्यक्ष दयाळू होऊन म्हणाले, "असं करू. माझे चोयबेक बातिर तुझ्याही पाचव्या जागी लिहितो. तयार पराक्रम आहे. दोन ओळीत तुझा जन्म होईल, कॉलेज मिळेल."

"दुसऱ्याच्या बुटातला?" बुरुल म्हणाली. "नको. पाचव्या जागी अरूके लिहा."

"रकाना बापाचा आहे. बाईला पिढी नसते."

"मग ही कोण, जिने खिंड ओलांडली?"

"ती..." अध्यक्षांनी परिशिष्टं चाळली. "ती परिस्थिती."

"मग मी इथेच राहते," असं म्हणून बुरुलने बादली घेतली आणि घोडीखाली बसली.

ती थट्टा करत नव्हती. एक सप्टेंबर, कॉलेज, घर, सगळं तिने त्या बादलीपाशी सोडून दिलं होतं. आम्ही गाडीत जाऊन बसलो. तुर्दाकुनने आरशात पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "सात."

तेवढ्यात ओढ्यातून धापा टाकत चोयबेक आला. मागे घोड्यांचे मालक होते. "भाऊ, एक जागा आहे ना? कुठेही सोडा मला!" आणि तो खिडकीच्या सीटवर बसलासुद्धा. तुर्दाकुन म्हणाला, "आठ," आणि चावी फिरवली.

अध्यक्षांना हिशेब समजायला क्षणभर लागला. हा माणूस अविवाहित, हा आमच्याबरोबर आला तर याचं लग्न व्हायचं राहणार. त्यांनी स्वतःच्या पणजोबाला बखोटीला धरून खाली ओढलं, माझ्या हातातून वही हिसकावली, ओरडतच तंबू गाठला आणि बुरुलसमोर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘पाचवी: अरूके.’ बुरुल येऊन बसली आणि आठ झाले.

तीस ऑगस्टला बुरुलला जन्माचा दाखला मिळाला आणि एकतीसला ती राजधानीला गेली.

वरच्या कार्यालयाने मात्र आमच्या अहवालावर शेरा मारला: ‘एका नोंदीत स्त्रीचे नाव आहे व इतर नोंदींत नाही. विसंगती दूर करावी.’ विसंगती दूर करायची तर ते एक नाव खोडायचं, नाहीतर बाकीची सगळी लिहायची. खोडायला परवानगी लागते आणि ती यायला तीन वर्षं जातात. लिहायला नुसतं परिपत्रक पुरतं. परिपत्रक निघालं: प्रत्येकाने निदान आपल्या आजोबांच्या आईचे नाव द्यावे, अन्यथा जन्म रद्द. महिनाभरात जिल्ह्यात जन्मलेली माणसं अकरा उरली. अध्यक्ष त्यांत नाहीत.

मीही नाही. आणि मला तर कारणही सांगता येत नाही. त्या प्रवासात आम्ही माझ्या पणजोबांच्या तंबूतही गेलो होतो. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांच्या बायकोने मला घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं, कुमिसचं, तीन वाडगे दिले, चौथा नको म्हटल्यावर रागावली, आणि निघताना माझ्या खिशात वाळवलेलं पनीर कोंबलं. पणजोबांचं नाव, वय, घोडे, सगळं मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. तिला नाव विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. आता रोज आठवतं, आणि लाज वाटते.

तुम्ही हसलात, ठीक आहे. आता तुमच्या आजोबांच्या आईचं नाव सांगा. ‘मोठी आई’ चालणार नाही, कोणाची सून नि कोणाची बायको तेही नको. नाव सांगा. घरातली वंशावळ काढायला उठू नका. असल्या वंशावळी मीच लिहितो. तिच्यात ते नाही.