कॅमेऱ्यात आलेले अब्बा

पिठाच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि डब्याचं झाकण खुळखुळलं. दिलदारमियाँ गेल्यापासून या घरात सकाळी एवढासुद्धा आवाज होत नसे. ते होते तेव्हा नमाज झाली की बादली आपटायचे, म्हशीला शिव्या द्यायचे, मग नळाला द्यायचे. आता त्यांची सून आफशीन कपदेखील फडक्यावर ठेवायची. तिनं ओला हात गाऊनला पुसून फोन बघितला, आणि शेगडीवरचा चहा उतू गेला.

घर उचगावच्या कडेला. मागे परडं, परड्याला तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे शेजारच्या आकारामचा गोठा, दिलदारमियाँची म्हैस आता त्याच्याच दावणीला, आणि त्याच्यामागे ऊसच ऊस. उसात बिबट्या फिरतोय अशी बोलवा होती, आणि खुराड्यातल्या कोंबड्या कमी होत होत्या. म्हणून आफशीनच्या नवऱ्यानं, तौसीफनं, जंगलात लावतात तसला कॅमेरा मागवून पेरूच्या झाडाला बांधला होता. समोर काही हललं की तो अंधारातही फोटो काढायचा आणि दोघांच्या फोनवर पाठवायचा. आजवर त्यात एक मुंगूस आलं होतं, रोज तेच. तौसीफ सकाळी अंथरुणातूनच तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर ढकलायचा आणि कूस बदलायचा. अब्बा गेल्यावर ग्रुपवर टाकण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

काल संध्याकाळी त्यानं कॅमेऱ्याचं तोंड खुराड्याकडून कुंपणाकडे वळवलं होतं.

आजच्या फोटोत अब्बा होते. पाठमोरे, राखाडी. अंगात तो चौकड्यांचा शर्ट, खाली लुंगी, डोक्याला मफलर. वाकून कुंपणाच्या फटीतून पलीकडे चालले होते.

"अहो, उठा."

"मुंगूस हाय न्हवं? टाकलाय मी ग्रुपवर."

"न बघता?"

"रोज मुंगूसच असतंय की!" म्हणत तौसीफनं फोन डोळ्यांसमोर धरला आणि तो उठून बसला.  पुसायचं म्हटलं तरी उशीर झाला होता. हुपरीच्या नौमान चाचांनी फोटोखाली रडणारं तोंडसुद्धा टाकलं होतं. पाठोपाठ त्यांचा फोन आला.

"तौसीफ! भावाला मी ह्या हातानं माती दिलीया. त्यो तुझ्या परड्यात काय करतोय?"

"मला काय ठावं, चाचा?"

"मग इचार की त्येला!"

दहाच्या सुमाराला चाचा पैंजणांचा कारखाना बंद ठेवून हुपरीच्या गाडीनं येऊन दाखल झाले. तोवर बातमी गल्लीत गेली होती आणि गल्लीतल्या बिबट्याच्या बातमीत मिसळली होती. चाचा स्टॉपवर उतरले तेव्हा उचगावात लुंगी नेसलेला बिबट्या फिरत होता.

चाचांनी फोटो मोठा केला, लहान केला, तिरपा धरला. "खांदा त्याचाच. चाल त्याची. भाभीला दावलासा?"

"न्हाई अजून."

"दावू नका. बाई आधीच खचलीया."

भाभी म्हणजे आफशीनच्या सासूबाई, फातिमाबी. त्या इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर विधवेनं काही महिने घरातच राहायचं, परपुरुषासमोर यायचं नाही, अगदी दिरासमोरही नाही. त्यामुळे चाचा पडद्याबाहेर उभे राहून आतल्या खोलीशी बोलले. "भाभी, भावाचे कपडे वाटलेसा का?"

पडदा आतून मुठीत धरला गेला. मग, "न्हाई."

"मग त्याचा जीव अडकणारच की. आज वाटून टाकू."

पडद्याखालून एक गाठोडं बाहेर सरकलं. गेलेल्याचे कपडे गरिबाला द्यायचे असतात, त्याला कोण नाही म्हणणार? ते सरकवताना हात किती वेळ गाठीवर राहिला, हे फक्त आफशीननं पाहिलं. तौसीफनं गाठोडं मोटारसायकलवर टाकून पलीकडच्या फडात उतरलेल्या ऊसतोड टोळीला नेऊन दिलं. मागच्या दाराच्या खुंटीवर तो चौकड्यांचा शर्ट राहिला होता. चाचांनी काढून आफशीनच्या हातात दिला. "ह्यो बी धू आणि दिऊन टाक."

ती मोरीत गेली. बादलीत बुडवण्याआधी तिनं शर्ट नाकाशी नेला. बिडी, घाम, कडबा. अब्बाच. बाहीला मात्र ओलं शेण होतं. कबरीतल्या माणसाच्या बाहीला ओलं शेण कुठून लागेल?  मग बाहेर येऊन तिनं तो आपल्या छोट्या मुलीच्या, जोयाच्या, फ्रॉकांखाली, कपाटात, सारला.

"भिजवलास?" चाचांनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.

चाचा त्या दिवशी परत गेले नाहीत. भावाला गाठायचं म्हणून त्यांनी मागच्या दारातच आडवी खाट टाकली. पहाट झाली, उजाडलं. कॅमेऱ्यात फक्त मुंगूस आलं.

"बघा!" चाचा चहा फुंकत म्हणाले. "कपडे गेले, माझा भाऊ शांत झाला." आणि त्यांनी कप न पिताच खाली ठेवला.

तेवढ्यात कुंपणापलीकडे पत्रा कोसळावा तसा आवाज झाला. म्हैस हंबरली. आकारामनं त्याच्या ठेवणीतली शिवी हासडली. थोड्या वेळात त्याची बायको धोंडुबाई कुंपणाच्या फटीतून वाकून आली. लुगडं दुधानं भिजलं होतं.

"भाभी कुठं हायती? आज आल्या न्हाईत व्हय? मैनेनं कासंडी उडिवली, आमच्या मालकाला शेणात पाडलं!"

चाचा खाटेवरून उठले. "आल्या न्हाईत म्हंजे? भाभी कुठं येत्यात?"

धोंडुबाईनं जीभ चावली. पण म्हैस पुन्हा हंबरली, आणि तिचा धीर सुटला.

"आता सांगतीच. तुमची मैना आम्ही आणली, पर ती पान्हाच सोडंना. दिलदारभाईंच्या वासाची सवय तिला. रेडकू उपाशी. मग भाभी म्हणाल्या, त्यांचा शर्ट घालून येती, वासावर सोडंल. आन सोडलं की! रोज दिस उगवायच्या आदी येत्यात. इद्दत हाय म्हणून म्या कुणाला बोलली न्हाई. आमच्या मालकाला वाटतंय माझ्याच हाताला गुण हाय."

तौसीफनं फोन उघडून फोटो पुन्हा पाहिला. आता त्याला खांद्याची ठेवण अम्मीची दिसली. काल सगळ्या खानदानाला अब्बाची दिसली होती.

पडद्यामागून आवाज आला, "कसला फोटो?"

तौसीफनं फोन पालथा घातला.

"मला इद्दतीत बसायला लागतंय, नौमानभाई, मी बसली," फातिमाबी आतूनच म्हणाल्या. "पर ती तिकडं वरडायची, आणि मी हितं ऐकायची. तिला वरडता तरी येतंय."

चाचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आणि एकदम तौसीफवर ओरडले, "बघतोस काय? ते कपडे परत आण जा!"

आफशीन तोंड उघडेपर्यंत तौसीफनं गाडीला किक मारलीसुद्धा. फडाच्या बांधावर पोचला आणि थांबला. समोर धुक्यात बरेच अब्बा ऊस तोडत होते. एक अब्बा मोळी बांधत होता, एका अब्बाच्या कमरेला कोयता होता. जवळच्यानं मान वर करून विचारलं, "कोन पाहिजे, भाऊ?"

 तौसीफनं गाडी वळवली.

घरी आला तेव्हा आफशीन पडद्याआड सासूला कपाटातला तोच शर्ट घालत होती. बटणं लावताना फातिमाबींनी तिचा हात धरला, एवढंच. आकारामला चहाला म्हणून पुढच्या दारी नेऊन बसवलं होतं. चाचांनी भिंतीकडे तोंड केलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, तसेच पाठमोरे सरकत पेरूच्या झाडापाशी गेले आणि त्यांनी आपली टोपी कॅमेऱ्याच्या डोळ्यावर घातली.

फातिमाबी भर उजेडात कुंपणातून वाकून गेल्या. मैना एकदा फुसफुसली. मग कासंडीत पहिली धार वाजली, मग दुसरी, मग धारच लागली. तौसीफ पायरीवर बसून गुडघ्यात डोकं घालून ऐकत होता. चाचा भिंतीला म्हणाले, "भावाचाच हात," आणि बाहीनं नाक पुसलं.

जोया झोपेतून उठून आईच्या पायाला बिलगली होती. तिला सगळं सांगावं लागलं, म्हणून आफशीननं सगळं सांगितलं. जोयानं नीट ऐकून घेतलं. कुंपणाच्या फटीतून दादीकडे, दादीच्या अंगातल्या शर्टाकडे बघितलं.

"मम्मी," तिनं विचारलं, "शर्टातला वास संपला की मग?"