अबोली नको

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात निळ्या शाईने दोनच शब्द खरडले होते. ते वाचून केमिस्टबाई मटकन खुर्चीत बसल्या. 'अबोली नको.'

"अहो, बघा! नवरीने स्वतःच्या हाताने लिहिलंय."

नवऱ्याने चष्मा वर केला. "हे अक्षर आहे होय? मला वाटलं, पेन चालतंय का ते पाहिलंय."

"बारा वर्षं डॉक्टरांचीच अक्षरं वाचतेय मी. मला शिकवू नका!"

नवरी म्हणजे त्यांची जिवाभावाची डॉक्टर मैत्रीण. पण वर्षभरापूर्वी दोघींचं वाजलं, तेही अक्षरावरूनच. "तुला लिहिता येत नाही," असं बाई भर दुकानात म्हणाल्या. "तुला वाचता येत नाही," असं ती. झालं! पेशंट तिच्या चिठ्ठ्या घेऊन दुकानात यायचे, ती मात्र फिरकत नव्हती. आता आमंत्रण आलं होतं. तुटलेलं जुळायची ही एकच संधी, आणि बाईंनी इस्त्री करून ठेवला होता नेमका अबोली रंगाचा, बिनबाह्यांचा सुती ड्रेस. तो दोघींनी मिळून निवडला होता.

"म्हणजे तिला आमची आठवणसुद्धा नकोय," म्हणत बाईंनी तो कपाटात कोंबला.

"मग दुसरा घाल. हाय काय नि नाय काय!"

दुसरा निळा होता. तो कमरेशी अडला.

"श्वास सोड जरा," नवरा म्हणाला.

"सोडला तर शिवण जाईल!"

एवढं बोलायला श्वास सोडावा लागला आणि शिवण गेली. तिसरा फुलाफुलांचा. त्यावर इस्त्री ठेवली आणि तेवढ्यात दुकानातून फोन आला, खोकल्याचं औषध कुठल्या फळीवर आहे म्हणून. फळी सापडली, पण ड्रेसच्या ऐन पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. लग्न बाराचं, घड्याळात सव्वाअकरा. बाई रडकुंडीला आल्या तेव्हा वरच्या मजल्यावरून जाऊबाई धावल्या.

"हा घे माझा. थंडीतला आहे, पण उठून दिसतो हो!"

बाटलीहिरवा, मखमली, गळाबंद, पूर्ण बाह्यांचा. त्यात आणखी एक केमिस्टबाई सहज मावली असती. सात पिना लावून तो कसाबसा अंगावर टिकवला.

भर उन्हात, बागेतल्या हिरवळीवर बाई निथळत उभ्या राहिल्या. दोन पिना टोचत होत्या, पण त्याचं काही नाही. खरी टोचणी वेगळीच होती. ही बोलेल ना आपल्याशी?

नवरी समोरून आली. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगं, ताप आहे का तुला? आणि आपला अबोली ड्रेस कुठाय?"

"तूच लिहिलंस ना, अबोली नको म्हणून!"

"अबोली? अगं बाई, अबोला! 'अबोला नको' असं लिहिलं होतं मी!"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण बाईच त्या. पर्समधून पत्रिका काढून त्यांनी नवरीच्या नाकासमोर धरली.

"ह्याला काना म्हणतात? ही चक्क वेलांटी आहे, वेलांटी!"

"म्हणजे तुला वाचता येत नाही!"

"तुला लिहिता येत नाही!"

आवाज चढले. पाहुणे वळून बघू लागले. नवरदेव घाबरा होऊन केमिस्टबाईंच्या नवऱ्याकडे धावला.

"अहो, यांचं पुन्हा भांडण लागलं की काय?"

नवऱ्याने निवांत खुर्ची ओढली.

"भांडण कसलं, बोलतायत!"