डब्यातला तलाठी

शेषरावाच्या मनात काय चाललंय ते कळायला त्याच्या तोंडाकडे बघून उपयोग नाही. हातांकडे बघावं.

हा माणूस बसला की दोन्ही मुठी गुडघ्यांवर ठेवतो आणि त्या मुठी हलायला लागतात. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं. सगळा जन्म पोकलेनवर गेला. पोकलेन म्हणजे ते लांब हाताचं, पुढं लोखंडी बकेट असलेलं खोदायचं मशीन. दोन दांड्यांवर चालतं, एक डाव्या हाताला, एक उजव्या. शेषराव मशीनवरून उतरला तरी दांडे काही त्याच्या हातातून सुटत नाहीत.

मागं एका लग्नात पुढाऱ्याचं भाषण लांबलं. वऱ्हाड उपाशी. शेषराव पहिल्या रांगेत, तोंडावर देवळात बसल्यासारखा भाव. मी मुठी बघत होते. त्यांनी पुढाऱ्याला कमरेत धरून उचललं, मांडवावरून फिरवलं आणि पलीकडं नेऊन सोडलं. जेवताना मी विचारलं, "कुठं टाकलास रे त्याला?"

"उकिरड्यावर, वैनी. पण अल्लाद ठेवला."

अल्लाद म्हणजे अलगद. हा त्याचा मंत्र. भाकरी तव्यावर टाकली की अल्लाद. म्हशीला दावं लावलं की अल्लाद. एकदा मी शेजारणीशी बांधावरून भांडत होते, तर मधे येऊन म्हणतो, "अल्लाद, वैनी, अल्लाद." भांडण अल्लाद कसं करतात ते मला अजून कळलेलं नाही.

गावातला न्हावी त्याची दाढी करताना आधी त्याच्या दोन्ही हातात एकेक कंगवा देतो आणि बजावतो, "दादा, मशीन बंद." तेवढा वेळ मुठी गप्प राहतात. एरवी वस्तऱ्याचा भरवसा नाही.

शेषराव माझा चुलत दीर. आमच्या दोघांच्या अंगणात एकच भिंत, कमरेएवढी. बायको गोदा काविळीनं गेली, तेव्हापासून तो माझ्याकडं जेवतो. मी बोलावलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. रोज समोर बसतो म्हणून त्याच्या मुठी मला वाचता येतात. हे खोदणं, हे गाडीत भरणं, हे पाणी सोसायटीच्या चेअरमनला तळ्यात बुडवणं. सगळं कळायचं. एक सोडून.

संध्याकाळी दिवा लागायच्या वेळी तो आपल्या अंगणात बाजेवर बसतो. उजवी मूठ तसूतसूनं पुढं जाते, डावी तिला जरा साथ देते. मग दोन्ही थांबतात. बराच वेळ थांबतात. मग उजवी तशीच हळू मागं येते. खोदताना असं कुणी थांबत नाही. मला कळेना. विचारलं तर म्हणायचा, "काई न्हाई, वैनी."

मी चौथी शिकलेली, पण एखादी गोष्ट कशी चालते ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मागच्या मोठ्या दुष्काळात गावानं पाणी सोसायटी काढली. तळ्यातला गाळ उपसायला एक जुनं पोकलेन घेतलं. ते शेषरावानं चालवलं, खंगेपर्यंत. यंदा पुन्हा दुष्काळ, तळं पुन्हा गाळानं भरलेलं, म्हणून सोसायटीनं दुसरं मशीन आणलं. तेही वापरलेलंच, पण परदेशातून आलेलं. आत पंख्याचा गार वारा आणि दांड्यांच्या जागी नाजूक दोन मुठी. त्यांना जॉयस्टिक म्हणतात.

सोसायटीत बायकांच्या जागेवर मी संचालक आहे. सही येते आणि भीती वाटत नाही, एवढं पुरलं. त्या हक्कानं मी मशीनवर चढले आणि विचारलं, "शेषराव, या मुठीला तर खाली काहीच जोडलेलं न्हाई. बकेटला कळतं कसं?"

त्यानं सीटच्या मागचं झाकण उघडून दाखवलं. आत जेवणाच्या डब्याएवढा एक काळा डबा, त्याला वायरींचा झुपका.

"जुन्यात हात थेट तेलाला सांगायचा, आन तेल बकेटला ढकलायचं. आता मदी ह्यो तलाठी बसलाय. हात अर्ज करतो, ह्यो वाचतो, मग तेलाला हुकूम देतो."

"आणि अर्ज नामंजूर झाला तर?"

"तर लाल दिवा लागतो. कारण सांगत न्हाई. तलाठीच की."

खरा घोळ वेगळाच होता. जुन्या मशीनवर उजवी मूठ मागं ओढली की मशीनचा सगळा हात वर उचलला जायचा. या नव्यावर उचलायचं काम डाव्या मुठीकडं. उजवी ओढली तर बकेट आपल्याकडं ओढत येतं. म्हणजे डाव्याचं काम उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला.

दोन दिवस शेषरावानं चालवलं, पण मनात एकेक शब्द जुळवत वाचणाऱ्या पोरासारखं. तिसऱ्या दिवशी टाकीजवळ माती ओढत होता. टाकी म्हणजे टँकरचं पाणी साठवायची प्लास्टिकची मोठी टाकी. साऱ्या गावाचं पाणी त्यात, नुकतीच भरलेली. एक शेळी बकेटखाली शिरली. शेषरावानं घाईनं उचलायला म्हणून उजवी मूठ ओढली. हात वर गेलाच नाही. बकेट सपकन मागं आलं आणि मधे टाकी होती.

शेळी वाचली. पाणी रस्त्यानं वाहत गेलं. बायका हंडे, पातेली, परात, जे हाती लागेल ते घेऊन धावल्या आणि चिखलातनं पाणी भरू लागल्या. मीही भरलं. शेषराव वर काचेत बसून होता. त्याच्या मुठी मी पहिल्यांदाच उघड्या बघितल्या.

चेअरमन दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात. "आक्का, परवा बैठक हाय. माझा पुतण्या याच धर्तीच्या मशीनवर शिकून आलाय. शेषरावला आता बसवा घरी."

"आणि तो शिकला तर?"

"शिकंल तर ऱ्हाऊ द्या. पर त्यो शिकतच न्हाई म्हनतोय."

मी भिंतीशी गेले. शेषराव बाजेवर होता.

"काय रे, शिकत न्हाईस म्हणे? म्हातारी माणसं मोबाईल शिकली. तुला दोन मुठी शिकता येईनात?"

"येतंय की. आठ-पंधरा दिवसांत बसंल हातात."

"मग कावून न्हाई?"

त्यानं दोन्ही मुठी गुडघ्यांवर ठेवल्या. मग उजवी मूठ हळू पुढं गेली. डावीनं साथ दिली. थांबली.

"नवं बसलं हातात, तर हे जाईल, वैनी."

"हे म्हणजे काय?"

"ओढ्याकाठची हीर."

आणि मला लख्ख आठवलं. मागच्या दुष्काळात ओढ्याकाठच्या विहिरीत तळाला ओंजळभर पाणी उरलं होतं. विहीर उथळ, पण पायऱ्या ढासळलेल्या. एक बाई पडून पाय मोडून बसली. तेव्हा शेषराव मशीन काठावर आणायचा आणि गोदाला बकेटमध्ये उभी करून खाली सोडायचा. असं करू नये, सगळ्यांना माहीत होतं. तिचा हंडा वाटीवाटीनं भरेपर्यंत तो हात जागच्या जागी धरून बसायचा. मग वर काढायचा. डोक्यावर हंडा घेऊन बकेटमध्ये उभी असलेली गोदा विहिरीतनं वर यायची तेव्हा थेंब सांडलेला नसायचा. आतून तिची हाक मात्र ऐकू यायची, "अल्लाद ओ! अल्लाद!"

मंत्र त्याचा नव्हता तर. तिचा होता.

मीही एकदा बसले होते त्या बकेटमध्ये. मला त्यानं पोतं उतरवतात तसं उतरवलं आणि वर येईपर्यंत माझा निम्मा हंडा साडीवर. तेव्हा मला राग आला होता. आता म्हटलं, बरोबरच आहे.

"जेवायला ये," म्हटलं आणि आत गेले.

बैठकीच्या दिवशी सोसायटीनं मशीन तपासायला ते विकणाऱ्या कंपनीची एक इंजिनेर पोरगी बोलावली होती. चेअरमनला वाटलं डबा बिघडलाय. तिनं झाकण उघडलं, आपला कॉम्प्युटर जोडला आणि मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"बाळ, या डब्यात लिवलंय तरी काय?"

"कुठल्या मुठीनं काय हलायचं ते, आजी."

"ते कुणी लिवलं?"

"मशीन जिथून आलं तिथल्या लोकांनी. त्यांच्याकडं अशी सवय असते."

"मग पुसून आपल्या सवयीचं लिवता येतं?"

ती हसली. "चहा गार व्हायच्या आत."

"मग आधी कावून न्हाई सांगितलं?"

"मला कुणी विचारलंच नाही, आजी."

बैठकीत गडबड उडाली. चेअरमन म्हणाले, बदलायचं कशाला, पुतण्याला आहे तेच येतं. पोरगी म्हणाली, एकदा काय ते ठरवा, दरवेळी बदलायला मी येऊ शकत नाही. कुणी शेषरावाकडं बघेना. त्याच्या मुठी गुडघ्यांवर गच्च होत्या, हलत नव्हत्या. बाजूनं किती, विरोधात किती, चेहऱ्यांवरनं काही कळेना.

मी उठले. "जुन्या धर्तीवर करा."

"कावून, आक्का?" चेअरमन म्हणाले. "दीर हाय म्हनून?"

"टाकी नव्या हातानं फुटली. जुन्या हातानं या गावात पाण्याचा थेंब सांडलेला मला दाखवा. माझ्या साडीवरचा सोडून."

साडीचं कुणाला कळलं नाही. बायका हसल्या. पण ओढ्याकाठची विहीर आठवणाऱ्या दोघी-तिघी हसायच्या थांबल्या आणि त्यांनी हात वर केले. मग त्यांच्या नवऱ्यांनीही केले. पुतण्याला सोसायटीच्या ट्रॅक्टरवर घेतलं. तोही काही वाईट पोरगा नाही.

पोरीनं डब्यात बदल केला. शेषराव वर चढला, उजवी मूठ ओढली. हात वर गेला. तो खाली न बघता म्हणाला, "तलाठ्यानं ऐकलं, वैनी."

तळ्याचं काम चालू आहे. पाऊस येईल तेव्हा येईल.

संध्याकाळी माझ्या भाकरी होतात. पूर्वी मी झाल्या झाल्या भिंतीवरून ओरडायचे. आता आधी डोकावून बघते. उजवी मूठ पुढं जाऊन थांबलेली असली तर मी परत चुलीशी येऊन बसते. भाकरी गार होते, होऊ दे. हंडा भरून मूठ मागं आली, की मग हाक मारते.