प्रेषक: वाढ कक्ष, प्रति: वाढ कक्ष

"पेशी मोठी शहाणी असते गं. बाहेरून सांगावा आल्याशिवाय वाढत नाही. जी स्वतःच सांगावा धाडते आणि स्वतःच मान डोलावते, तिच्यापाशी थांब. नीट बघ."

तीस वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शकावर वाकायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा हा आवाज. काचपट्टी सरकवताना तपासणीसबाईंना तो अजून ऐकू येई.

त्यांच्या रुग्णालयात वाढ कक्ष स्थापन झाला, तेव्हा एक टेबल, एक खुर्ची आणि खुर्चीत कक्षप्रमुख एवढाच ऐवज होता. कोणत्याही विभागाकडून मागणीपत्र आल्यास कक्षाने वाढ मंजूर करावी, असा नियम होता. तीन महिने कुणीच मागणी केली नाही. अखेर प्रमुखांनी मागणीपत्र स्वतःच भरले. प्रेषक: वाढ कक्ष. प्रति: वाढ कक्ष. पत्राची आवक झाली, त्यावर साधकबाधक विचार झाला आणि प्रमुखांनी नाइलाजाने मागणी मान्य केली. दुसऱ्या टेबलाच्या उद्घाटनाला सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

दोन टेबलांनी दोन पत्रे लिहिली, चारांनी चार. 'थांबा' असा शिक्का मारणारा एक कारकून होता. त्याचे पद वाढीच्या आड येते म्हणून रद्द झाले. कक्षाने पाण्याची मोठी वाहिनी आपल्याकडे ओढून घेतली. बाळंतिणींच्या खोलीतले नळ सुकले. जागा संपली, तशा क्ष-किरण खोलीत आणि जिन्याखाली शाखा फुटल्या. खाटा उचलल्या गेलेल्या रुग्णांना सहकार्याबद्दल आभाराचे पत्र गेले.

एका सकाळी मोजपट्टी घेऊन प्रमुख स्वतः बाईंच्या खोलीत आले. मानेला पट्टी होती.

"बाई, हे यंत्र कधी हलवताय? चार टेबलं बसतील इथं. दाबून पाच."

"आधी तुम्ही बसा, साहेब. अकरा दिवसांपूर्वी मानेतल्या गाठीचा नमुना दिला होतात."

"त्याचं उत्तर आलं की. अभिनंदनाचं पत्र होतं. फायलीला लावलं."

बाईंनी डोळे मिटले. सर्व अहवाल वाढ कक्षामार्फत जात. 'अनियंत्रित वाढ' हा त्यांचा शेरा चौसष्टाव्या टेबलाने दोनदा परत केला होता: 'अनियंत्रित' हा शब्द वगळावा. तिसऱ्यांदा टेबलाने तो स्वतःच वगळून उरलेल्या 'वाढी'चे अभिनंदन केले असावे.

"जरा यातून बघा," काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत त्या म्हणाल्या.

प्रमुखांनी डोळा लावला. "गर्दी आहे," ते कौतुकाने म्हणाले. "शिस्त बेताची, पण उमेद दांडगी. कुणाचा विभाग हा?"

"तुमचा. तुमच्या मानेतला."

मोजपट्टी सर्रकन डबीत शिरली.

"याला वाढायला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही. स्वतःच स्वतःला सांगतोय."

बाहेर कुठल्याशा नव्या टेबलासाठी टाळ्या चालू होत्या.

"हे इतके दिवस तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी हळूच विचारले. "दोन जिने चढून सांगायचं होतंत."

"कागद पाठवला होता म्हटलं. कागद पाठवला की आपण सुटलो, असं वाटतं माणसाला." बाईंनी काचपट्टी अलगद काढून घेतली. "उठा, शस्त्रक्रियावाल्यांकडे मी येते बरोबर. अजून वेळ गेलेली नाही. आणि साहेब, वाढीची ही जात मी ओळखते. तुमचं दुसरं टेबल आलं त्याच दिवशी ओळखली होती. त्या दिवशी टाळ्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता."