गायकवाडबाईंच्या गोळ्या

मुलुंडच्या आमच्या इमारतीतल्या सुमन गायकवाडबाईंवर अन्याय झाला तो लॉकडाउनच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहाला. त्यांच्या गोळ्या आणायला गेले, तर केमिस्ट मला म्हणाला, "हायड्रॉक्सीक्लोरोक्विन खल्लास. कोरोनाला चालते म्हणून लोकांनी डबेच्या डबे उचलले." कोरोनाला चालते की नाही, कुणालाच धड ठाऊक नव्हतं. बाईंच्या संधिवाताला मात्र सहा वर्षं चालत होती.

बाई निवृत्त शिक्षिका. एकट्या राहतात. रोज सकाळी सात वाजता स्वतःच्या बोटांची हजेरी घेतात, तीही मोठ्याने. भिंतीपलीकडे मला आणि बाबांना सगळं ऐकू येतं.

"डावा अंगठा? हजर. तर्जनी? उशिरा आलीस, उभी राहा. उजवी करंगळी? करंगळी! उद्या पालकांना घेऊन ये!"

हे शेवटचं वाक्य त्या बोटांना, न पेटणाऱ्या लायटरला, टीव्हीवरच्या मंत्र्यालाही ऐकवतात. चहा वाटीत पितात, आल्यागेल्यालाही वाटीतच देतात, कारण कपाच्या कानात त्यांचं बोट शिरत नाही. कुणी वाटीकडे पाहिलंच तर, "माझ्या वर्गात सगळ्यांना सारखा गणवेश," म्हणतात.

गोळ्या संपल्या. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात हजेरीला सहा बोटं गैरहजर. एका सकाळी मी दूध घेऊन गेले, तर बाईंना आतली कडी काढता येईना.

"बाई, मी कुणाला तरी बोलावते."

"थांब गं प्रज्ञा. अजून चार जण हजर आहेत माझ्याकडे."

वीस मिनिटं मी बाहेर उभी. आत एक बाई स्वतःच्याच दाराशी झुंजत होती. शेवटी कडी निघाली.

त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं, 'साठेबाजांनो, लाज धरा!' लिफ्टमध्ये चिकटवलं आणि दारोदार फिरले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आमच्याकडे जेमतेम तीन पट्ट्या. त्याही फॅमिलीसाठी."

"घरात कुणाला संधिवात आहे?"

"नाही. पण कोरोना होऊ शकतो ना यार!" दार बंद.

संध्याकाळी थर्मामीटर शोधायला बाबांचा खण उघडला. आत त्याच गोळ्यांची पट्टी! अख्खी. मी बाबांवर जी सुटले, ती सुटले. बाबा खाली मान घालून म्हणाले, "विकत नाही घेतली गं. मागे मला खोकला झाला होता ना, तेव्हा बाईंनी दिली. घेतली एकही नाही. नुसती जवळ ठेवली, धीर वाटायला."

मी बाईंकडे धावले. "स्वतःची पट्टी दिलीत तुम्ही?"

"तेव्हा मिळत होती गं," बाई म्हणाल्या. "आणि लॉकडाउन लागल्यापासून माझ्या दारात आलेला तो पहिला माणूस. रडवेला झाला होता. रिकाम्या हाताने कसा पाठवू?" मग आवाज चढवून, "जा, पालकांना घेऊन ये!"

घेऊन गेले. बाबा दोन हात लांब, मास्कमध्ये, पट्टी पुढे धरून उभे. बाईंना ती फोडता येईना. बाबांनीच एक गोळी काढून वाटीत ठेवली.

"सकाळी माझी हजेरी ऐकू येते ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं. आम्ही मान डोलावली. "मग भिंतीपलीकडून कुणीतरी 'हजर' म्हणत जा. एवढी नावं घेते, घरातून एकही आवाज येत नाही."

रोज सातला बाबा ओरडतात, "हजर, बाई!" पट्टी दहा गोळ्यांची. चार संपल्या.

दुकानातून उचललेल्या बाकीच्या पट्ट्या तुमच्या कपाटात आहेत. उठा, कपाट उघडा. तुमच्या इमारतीत संधिवाताला हीच गोळी कोण घेतं ते विचारा, आणि आजच्या आज त्यांच्या दारात पट्टी नेऊन द्या.