तिसरी ओळ

डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी विचारलं, "बाई, वाचता येतं का?" आणि रुखमाबाईंनी पदर सावरत ठसक्यात सांगितलं, "येते तर!"

इथंच घोटाळा झाला. न वाचणाऱ्यांसाठी वेगळा तक्ता होता; चिन्हाचं तोंड कुठे वळलंय ते बोटानं दाखवलं की झालं. पण पन्नाशीच्या रुखमाबाई दोन महिने बुद्धविहारातल्या प्रौढ वर्गाला जात होत्या. भिलाईला दिलेल्या कौसल्येची पत्रं शेजारच्या कांताबाई वाचून दाखवत, आणि संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या इंदोरा वस्तीला पाठ होत. लेकीचं पत्र एकदा तरी आपलं आपण वाचायचं, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता.

पहिल्या दोन ओळी त्यांनी खणखणीत वाचल्या. तिसरीत 'झ' आणि 'ण' निघाले. अक्षरं लख्ख दिसत होती, पण वर्ग अजून तिथवर पोचला नव्हता. अडाणीपण कबूल करणं कुणालाही जड. नुकतंच शिकू लागलेल्याला तर फारच.

"दिसत नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी एक काच बदलली, दुसरी बदलली, तिसरी बदलली. "दिसत नाही."

"आमचाही नंबर लागू दे ना वं!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. कांताबाईंना दया आली. चौथ्या काचेला त्या मागून कुजबुजल्या, "झ हाये वं. अन् तो ण, बाणाचा."

रुखमाबाईंनी घडाघडा म्हणून टाकलं. डॉक्टर खूश झाले आणि त्याच काचेचा नंबर लिहून मोकळे झाले.

चष्मा आला आणि दिसायचं बंद झालं. उंबरा उंच वाटे, वर्गातला फळा धुरकट. काढावा तर शाळा न शिकलेला मुलगा गोविंदा ओरडे, "डोळे खराब करून घेतं का माय?" बिचाऱ्यांचा 'झ' राहिला तो राहिलाच.

तशात कौसल्येचं पत्र आलं. पुन्हा कांताबाईंकडेच जावं लागलं. ओट्यावर चार बाया जमल्याच होत्या. कांताबाई मोठ्यानं वाचू लागल्या, "आई, तू वाचायला शिकलीस, म्हणून आता मनातलं लिहिते. इथं मला फार त्रास आहे. आजवर कळवलं नाही, कारण पत्र कांताबाई..."

कांताबाई थांबल्या. बाया एकेक करून उठल्या.

"पुढचं तूच वाच," कांताबाई पत्र पुढं करत म्हणाल्या.

रुखमाबाईंनी चष्मा काढला. डोळे भरून आले होते.

"मले वाचता नाही येत वं. तवा शिबिरातही सारं दिसूनच राहिलं होतं."

कांताबाईंनी त्यांना घरात नेलं, दार लोटलं आणि पुढचं पत्र अगदी हळू आवाजात वाचलं.